धाकटीचं विरजण

गाडी आधी धाकटीच्या दारात थांबली.

यांजमाने ती टेकडी उतरताना पाहिली होती, आणि तेव्हापासून ती एका गुडघ्यावर टेकून त्याच घोडीच्या सडांना हात लावून बसली होती. दूध कधीच संपलं होतं. ओढ्यापाशी वाटेला दोन फाटे फुटत होते, एक वर तिच्या गेरकडे, त्या गोल लोकरी तंबूघराकडे, एक खाली धाकट्या जावेच्या गेरकडे. घरात थोरली असताना आधी थोरलीच्या दारात यायचं असतं, एवढं शहरातल्या माणसालाही कळायला हवं. गाडीने वळताना वेगसुद्धा कमी केला नाही. सरळ खाली गेली.

"अगं, झालं तिचं," शिंगरू धरून उभा असलेला तिचा नवरा लुव्सान म्हणाला. "आता काय रक्त काढतेस?"

"तुम्ही शिंगरू धरा. तोंड कशाला उघडता?"

"गाडी गेरेलमाकडे गेली वाटतं."

"मला डोळे आहेत."

यांजमाला जावेचा हेवा वाटतो, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिने त्याला चहाही न पाजता हाकललं असतं. हेवा कसला? न्यायाची गोष्ट होती. शेंडेफळाकडे चूल जाते, आईबाप त्याच्याकडे राहतात, ही रीत सगळ्या मुलखाची. पण रीत म्हणून पोटात दुखायचं थांबतं थोडंच? सतरा वर्षं सासूची उठबस यांजमाने केली. धाकट्या दिराचं, दांबाचं, लग्न झालं आणि सासूबाई, चूल, रंगवलेल्या पेट्या, देव, सगळं त्या काल आलेल्या पोरीच्या गेरात गेलं.

यांजमाकडे एकच गोष्ट राहिली. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला टांगलेली गाईच्या कातड्याची मोठी पिशवी, आणि तिच्यातलं विरजण. सासूबाईंचे खांदे धरले, रवी मारवेना, तेव्हा त्यांनी आपल्या हातांनी ती पिशवी थोरलीच्या गेरात टांगली होती. त्यांना ते विरजण त्यांच्या सासूने दिलेलं, तिला तिच्या सासूने. हिवाळ्यात थोडं गोठवून ठेवायचं, वसंतात जागं करायचं. मग उन्हाळाभर घोडीचं ताजं दूध त्यात ओतायचं, दिवसातून हजारो वेळा लाकडी रवी खालीवर मारायची, की जिभेला चावणारा, फसफसणारा ऐराग तयार.

आणि सासूबाई राहत धाकटीकडे, पण ऐराग प्यायला रोज सकाळी काठी टेकत ओढा ओलांडून थोरलीकडे येत. एकच वाडगा. धाकटीकडे निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात हवा तेवढा ऐराग भरलेला असताना. लोक म्हणत, म्हातारीला पाय मोकळे करायला आवडतं. यांजमा लोकांना म्हणू द्यायची. म्हातारी दारात दिसली की तिच्या सगळ्या दिवसाचं सोनं व्हायचं. चूल तिकडे असेल, जीभ इकडे होती.

चरवी लुव्सानच्या हातात देऊन ती खाली निघाली. "सासूबाईंच्या गुडघ्याला चरबी लावायची राहिलीय," असं मोठ्याने म्हणाली. सकाळीच लावली होती.

*

गेरेलमाच्या गेरात चष्मेवाली मुलगी चुलीशेजारी बसून तळलेले बोर्त्सोग खात होती. तिचं नाव सोलोंगो. राजधानीतल्या कुठल्याशा संस्थेत दुधातले जंतू मोजायची नोकरी करायची म्हणे. गेल्या उन्हाळ्यातही आली होती, घरोघर हिंडून इवल्याशा बाटल्यांमध्ये ऐराग भरून घेऊन गेली होती. सासूबाई मागच्या पलंगावर बसून वाळलेला दह्याचा खडा चघळत होत्या. गेरेलमा मान खाली घालून चहा ओतत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"बरं झालं आलात, काकू!" सोलोंगो म्हणाली. "हे बघा." तिने फोन पुढे केला. "काचेच्या ताटलीत जुलाबाचे जंतू पेरले होते. हे पांढुरकं सगळं तेच. आणि इथे मधोमध गेरेलमाताईंच्या ऐरागचा थेंब ठेवला. थेंबाच्या भोवती काय दिसतं?"

"काही दिसत नाही."

"तेच तर! काहीच नाही. तेवढ्या गोलातले सगळे मेले. आणि ताईंच्या ऐरागमधले हे जंतू पोटातल्या आंबटातून जिवंत पार होतात, आतड्यात जाऊन बसतात. सात घरांतलं नेलं होतं मी. असं एकच निघालं."

"आठव्या घरातलं नेलं असतंस तर कळलं असतं."

"तुम्ही दिलंच कुठे, काकू? दोनदा आले होते. तुम्ही म्हणालात, घरातली पांढरी वस्तू बाहेर गेली की बरकत जाते."

पलंगावरून खडा चघळण्याचा आवाज तेवढा येत राहिला. यांजमाने पदरी पडलेला अपमान गिळला, आणि वर चहा.

"आता हे विरजण आम्ही संस्थेत जतन करणार," सोलोंगो वही काढत म्हणाली. "कागदावर लिहायचं असतं, मूळ कुणाचं, कुठून आलं. ताई, तुम्हाला हे कुणी दिलं?"

गेरेलमाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्यात यांजमाच्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे काय, उडीच मारली त्याने.

"मी दिलं. तिच्या लग्नाच्या वर्षी. मानाचं निळं रेशमी वस्त्र, खादग, हातावर घेऊन, चांदीच्या वाडग्यातून. विचार तिला."

सोलोंगोने गेरेलमाकडे पाहिलं. तिने चहाच्या किटलीचं झाकण उगाच उघडून बघितलं.

"हो," ती हळू म्हणाली. "जाऊबाईंनीच दिलं."

"आणि तुम्हाला, काकू?"

सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं, मेली तरी घ्यायचं नसतं. यांजमाने हनुवटीने पलंगाकडे दाखवलं.

"खोरलो लिही," म्हातारीच म्हणाली. "या दोघींच्या तोंडून ते यायचं नाही. यांना दुसरं बरंच काही येतं."

सोलोंगो हसली, तिला ती थट्टा वाटली. "मग फारच छान झालं. मी वरच्या गावांना जाऊन दहा दिवसांनी परतते. येताना काकूंच्या पिशवीतलं नेते. दोन्ही ताडून बघू. एकच निघालं की कागदावर मूळ घर म्हणून तुमचं नाव वर, काकू. गेरेलमाताईंचं खाली."

तुमचं नाव वर. यांजमाला ते ऐकून गोड वाटलं, पण क्षणभरच. कारण दोन्ही एक निघणार नव्हतं. हे त्या गेरात तिच्या एकटीला ठाऊक होतं, निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

*

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंनी सांगितलं, धाकटीला विरजण दे. नाही म्हणायची सोय नव्हती. लामाकडून चांगला दिवस काढून आणला होता. त्या सकाळी यांजमाने पिशवीतून भांडंभर ऐराग काढला, चुलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि भांडं चुलीवर ठेवलं. उकळी फुटली. वर आलेला फेस तिने फुंकर मारून खाली बसवला. मग भांडं ओढ्याच्या पाण्यात धरून गार केलं, चांदीच्या वाडग्यात ओतलं आणि नव्या नवरीच्या हातात दिलं. मेलेलं विरजण. दिसायला अगदी जिवंतासारखं.

तिला काही जावेचं घर बुडवायचं नव्हतं. तिचा हिशोब साधा होता. पोरीचं दूध लागणार नाही. चार दिवसांनी ती रडतखडत वर येईल, जाऊबाई, माझ्या हातून बिघडलं हो, पुन्हा द्या. मग सगळ्यांदेखत यांजमा पुन्हा देईल, या वेळी जिवंत. विरजण कुणाच्या हातचं हे मग कुणाला सांगावं लागणार नाही.

पोरगी आलीच नाही. चार दिवस गेले, दहा गेले. अकराव्या दिवशी दांबाने भावाला वाडगाभर ऐराग पाजला, आणि तो चांगला होता. कसा झाला ते यांजमाला आजपर्यंत कळलं नव्हतं. विचारणार कुणाला? विचारायचं म्हणजे आधी स्वतःचं सांगायचं.

*

दुसऱ्या दिवशी गेरेलमा घोड्या पिळायला गेलेली बघून यांजमा घोड्यावरून खाली आली. लिंबू सरबताची रिकामी बाटली तिने डेलच्या, अंगातल्या लांब अंगरख्याच्या, छातीशी, कमरपट्ट्याच्या वरच्या खोळीत, दडवली होती. गेरात सासूबाई एकट्याच होत्या. त्यांना आता सावल्याच काय त्या दिसत. कान मात्र कोल्ह्याचे होते.

"कोण, थोरली? या वेळेला?"

"सहज, आई."

यांजमाने निळ्या पिंपाचं झाकण उचललं, ओगराळं हळूच बुडवलं, बाटली भरली, बूच घट्ट पिळलं आणि बाटली छातीशी सरकवली. मग अंगावरचा घाम पुसून पलंगाच्या कडेला टेकली. लगेच उठून जाणं बरं दिसलं नसतं.

ऐराग हलवला की जागा होतो, हे तिला जन्मापासून ठाऊक. पण चोरी करताना माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. बाटली उबेला लागली आणि बुचाच्या कडेने बारीक आवाज सुरू झाला.

"काय फुसफुसतंय गं?"

"माझं पोट बिघडलंय, आई."

"मग पी की वाडगाभर. ती चष्मेवाली म्हणत होती ना, धाकटीचं पोटाला चांगलं. त्या पिंपातून घे. ओगराळं कुठे आहे ते तुला सापडलंच असेल."

यांजमा वाडगाभर ऐराग प्यायली. चांगला होता. तो चांगला होता याचंच तिला अकरा वर्षं वाईट वाटत आलं होतं.

परत जाताना ओढ्याच्या चढावर घोडा दुडक्या चालीने निघाला, आणि अर्ध्या वाटेत बूच उडालं. थेट तिच्या हनुवटीला लागलं. हनुवटीपासून बेंबीपर्यंत ऐरागने भिजलेली, आंबट वासाची, अशी ती आपल्या दारात उतरली.

"पडलीस?" लुव्सानने विचारलं.

"उन्हाचा घाम आलाय."

"घोडीच्या दुधाचा घाम?"

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला अचानक मेंढ्यांची आठवण झाली आणि तो गेला.

बाटलीत अर्धं उरलं होतं. तेवढं तिने कातडी पिशवीत ओतलं आणि रवी हातात घेतली. ती मूर्ख नव्हती. आधी तिने जुनं विरजण तामचिनीच्या भांड्यात वेगळं काढून, फडकं बांधून पलंगाखाली ठेवलं होतं. पिशवीत थोडं धाकटीचं मिसळायचं, मुलगी येऊन नेईल, दोन्ही एक निघेल, नाव लागेल. मग पिशवी धुऊन टाकायची आणि पलंगाखालचं आपलं पुन्हा आत. दहा दिवसांचा तर प्रश्न होता.

भांड्यातल्यालाही रोज थोडं ताजं दूध लागतं, नाहीतर ते मरतं. ते ती घालत होती. आधी पिशवीत दूध ओतायची, ओगराळ्याने ढवळायची, आणि मग त्याच ओगराळ्याने पलंगाखालच्या भांड्यात. तीस वर्षं हात तसाच चालत आला होता. ओगराळं घरात एकच होतं.

*

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पहिला घोट नेहमीपेक्षा जास्त वेळ जिभेवर धरला. पाचव्या दिवशी लुव्सानने वाडगा रिकामा करून मिशा पुसल्या.

"आज काय झालंय गं? मस्त लागलाय. अगदी धाकटीकडच्यासारखा."

"तिकडेच जाऊन प्या मग."

"अगं, मी वाखाणतोय!"

"तेच म्हणतेय. वाखाणायला पण तिकडेच जा."

सहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "दूध बदललंस?"

"गवत बदललं, आई. वरच्या कुरणात नेलंय घोड्यांना."

"हं."

त्या दिवशी यांजमाने पलंगाखालचं भांडं ओढून बोट बुडवून चाखलं. तिला वाटलं, आपल्याच जिभेवर पिशवीतली चव राहिली असेल. खारट चहाने चूळ भरली, पुन्हा चाखलं. सासूबाईंच्या विरजणाला शेवटी एक तुरट चव होती, कच्च्या बोरासारखी, गिळल्यानंतर घशाच्या वरच्या बाजूला येणारी. तिने डोळे मिटून वाट पाहिली. ती आली नाही. तिने आणखी घोट घेतला, मग वाडगाच भरून घेतला. भांड्याच्या तळाशी गेली तरी ती चव आली नाही. जे आलं ते गोडसर, गुळगुळीत, अंगभर हसणारं, गेरेलमासारखं.

गोठवलेलं काही शिल्लक होतं का? ते वसंतातच वापरून संपलं होतं. मग तिने आठवायला सुरुवात केली, कुणाकुणाला दिलं आपण. नदीपलीकडच्या बायका दोनदा मागायला आल्या होत्या, त्यांना म्हणाली होती, आज वार चांगला नाही. मामेबहिणीला म्हणाली होती, यंदा विरजण अशक्त आहे. माहेरच्या भाचीला म्हणाली होती, पुढच्या वर्षी बघू. सबंध खोऱ्यात एकाच बाईला तिने ते दिलं होतं, आणि उकळून दिलं होतं.

नवव्या दिवशी सासूबाई आल्या, बसल्या. यांजमाने दोन्ही हातांनी वाडगा दिला. म्हातारीने एक घोट घेतला, मग सावकाश सगळा वाडगा संपवला, तळाला राहिलेला थेंबसुद्धा. तोंड पुसलं.

"चांगला आहे. घरच्यासारखाच."

सासूबाईंनी काठी चाचपली.

"मग आता रोज एवढं चालायचं कशाला? गुडघे दुखतात माझे."

आणि त्या गेल्या. दारात उभी राहून यांजमा बघत राहिली. म्हातारी ओढ्यातल्या दगडांवर काठी टेकून टेकून पाय टाकत होती. एरवी यांजमा धावत जाऊन हात धरायची. त्या दिवशी ती दारातच राहिली.

*

दहाव्या दिवशी गाडी आली, आणि या वेळी आधी थोरलीच्या दारात थांबली. हे सुख यांजमाच्या वाट्याला आलं तेव्हा तिला त्याची चव लागेना. सोलोंगोने पिशवीतून बाटल्या भरून घेतल्या, वर चिठ्ठ्या चिकटवल्या.

"एक विचारू का गं पोरी? ते तुझे जंतू, जुलाबाचे मारणारे. ते दुधातल्या दुसऱ्या विरजणालाही मारतात?"

"मारतात ना! म्हणून तर ते बलवान. जिथे जातील तिथे दुसऱ्याला बसू देत नाहीत. जागा, खाणं, सगळं आपलं करून टाकतात. तोच त्यांचा गुण, काकू."

"गुण," यांजमा म्हणाली. "आमच्यात याला दुसरं नाव आहे."

तीन आठवड्यांनी लुव्सान टेकडीवर गेला होता, तिथेच काय ती फोनला रेंज यायची. तिथून तो आरोळ्या ठोकत खाली आला. दोन्ही एकच! तंतोतंत! कागदावर नाव लागणार, यांजमाचं वर! त्याने भेटेल त्याला थांबवून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या, हातात भांडी आणि भांड्यात रिकामं नको म्हणून खडीसाखर, वाळलेलं दही, असलं काही घेऊन. नदीपलीकडच्या आल्या, मामेबहीण आली. यांजमाने सगळ्यांना ओगराळी भरभरून दिलं. कुणाला वार सांगितला नाही.

"थोरलीचा हात आता सैल झालाय हो," मामेबहीण बाहेर जाऊन म्हणाली. "नाव लागलं की माणूस सुधारतं."

द्यायला आता तिचं काय जात होतं?

सासूबाई आल्या नाहीत. सकाळी दार उघडलं की यांजमा आधी ओढ्याकडे बघायची आणि मग आपण बघितलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

*

गेरेलमा आली ती भर दुपारी, घोड्या पिळण्याच्या दोन पाळ्यांच्या मधे. आली, रीतीप्रमाणे पिशवीतली रवी चार वेळा खालीवर मारली, आणि भान न राहून पुरुषांच्या बाजूलाच मटकन बसली. रडून आली होती. यांजमाला आधी बरं वाटलं. मग भीती वाटली.

"जाऊबाई, मला खोटं पचत नाही आता. मी त्या मुलीसमोर हो म्हणाले, पण माझ्याकडचं तुमचं नाही."

यांजमाने खडीसाखरेची वाटी पुढे सरकवली. हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"तुम्ही दिलेलं माझ्या हातून मेलं. लग्नाच्या वर्षी. तीन दिवस रवी मारली, रात्री झाकून ठेवलं, माझं पांघरूण घातलं त्याच्यावर. नुसतं नासलं. मला वाटलं, माझा हातच वाईट. इतक्या पिढ्यांचं आलेलं, आणि मी तीन दिवसांत मारलं. तुमच्याकडे पुन्हा मागायला यायची हिंमत नव्हती. तुम्ही तेव्हा..." ती थांबली.

"बोल. मी तेव्हा काय?"

"तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघायच्याच नाही. मी दांबाला माझ्या माहेरी पिटाळलं. जाऊन-येऊन चार दिवस घोडा दामटून त्याने माझ्या आईचं विरजण आणलं. सासूबाईंना कधी सांगितलं नाही. पण त्यांना पहिल्याच घोटाला कळलं असणार. दुसऱ्या दिवसापासून त्या तुमच्याकडे यायला लागल्या."

यांजमाने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला वाटतं, मला त्याचं काही वाटत नव्हतं?" गेरेलमाचा आवाज चढला. "माझ्या गेरात झोपायचं, माझ्या हातचं मटण खायचं, मी पाय चेपायचे, आणि सकाळी उठून बूट घालून निघायचं तुमच्याकडे! अकरा वर्षं. रोज त्यांचे बूट मीच पुढे ठेवायचे. जाऊबाई, जळून जळून माझ्या आतड्याचा कोळसा झालाय."

हे ऐकायला यांजमाने अकरा वर्षांपूर्वी आपला सगळा कळप दिला असता. ती जळत होती! धाकटी, चुलीची मालकीण, ती हिच्यावर जळत होती! यांजमाने ते शब्द वाळल्या दह्याच्या खड्यासारखे तोंडात फिरवले. कडक होते. विरघळत नव्हते.

"आता त्या येत नाहीत तुमच्याकडे," गेरेलमा डोळे पुसत म्हणाली, "आणि दोन्ही विरजणं एक निघाली. मला काही समजत नाही. माझ्या आईचं आणि सासूबाईंचं एक कसं असेल? पण मला एवढंच सांगायचं होतं, माझ्या हातून मेलं ते. तुम्ही चांगलं दिलं होतं."

गप्प बसणं किती सोपं होतं. कागद तिच्या नावाचा, शेजारणी तिच्या दारात, आणि समोर बसलेली ही, स्वतःलाच दोष देणारी. यांजमाने नुसतं तिच्या पाठीवर हात फिरवायचा होता. जाऊ दे गं, होतं असं. थोरलेपणाही दिसला असता. तिने हात उचललाही. पण त्या पोरीच्या हातांकडे लक्ष गेलं, सडांवर फुटलेल्या, चिरा पडलेल्या हातांकडे, ज्यांना ती पोर स्वतःच अकरा वर्षं वाईट म्हणत आली होती.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी उकळून दिलं होतं."

गेरेलमाला कळलं नाही.

"अगं, उकळून. चुलीवर ठेवून. उकळलेलं विरजण कुणाच्या बापालाही जागं करता येत नाही. अशी तोंड उघडून बघत बसू नकोस, माशा जातील. आणि तुझं चोरून नेऊन माझ्या पिशवीत ओतलं, म्हणून दोन्ही एक निघाली. झालं? आता माझ्यात माझं काही राहिलेलं नाही. सगळं तुझ्या आईचं आहे."

बाहेर शिंगरं खिंकाळत होती. मग गेरेलमा उठली. ती ओरडेल, भांडं फेकेल, असं यांजमाला वाटलं, आणि तिने तेही केलं असतं तर बरं वाटलं असतं. गेरेलमाने चेहरा पुसला.

"माझ्या आईचं नाव देजिद," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. कागदावर तिचं नाव लावून घ्या. आजच. मी इथेच बसते."

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. मी इथेच बसते."

यांजमाने डोक्याला फडकं बांधलं. दारातून वळून म्हणाली, "सासूबाईंना सांगू नकोस."

"त्यांना जीभ आहे, जाऊबाई. त्यांना काय सांगायचं?"

टेकडी चढायला यांजमाला अर्धा तास लागला, मधे दोनदा बसावं लागलं. लुव्सानचा फोन तिला धड लावता येत नव्हता. तिसऱ्या खेपेला लागला.

"काकू? काय झालं? सगळे ठीक ना?"

"तो कागद. त्यावरचं माझं नाव काढ. आमच्या सासूबाईंचंही काढ. देजिद लिही. गेरेलमाची आई. ओवोरखांगाय मुलखातली."

"पण काकू, तुमची दोन्ही एकच निघालीत..."

"मी तिचं माझ्यात ओतलं म्हणून निघाली. तुझ्या त्या बलवानांनी माझं सगळं खाल्लं. आता लिही."

वाऱ्याने फोन घोंगावत होता.

"पण मग तुमचं कुठे आहे, काकू? तुमच्या सासूबाईंचं मूळ? तुम्ही कुणाला दिलं असेल ना? मी तिथून नमुना घेईन. ते गेलं तर फार मोठं..."

"कुणाला दिलं नाही."

"कुणालाच? का?"

खाली दोन गेर दिसत होते, आणि मधला ओढा. यांजमाने फोन तोंडाजवळ धरला, जणू त्या मुलीला ऐकू येत नाही.

"जळत होते म्हणून," ती म्हणाली. "हे नको लिहूस. देजिदचं नाव नीट लिही, नाहीतर तिची मुलगी माझ्या गेरातून उठायची नाही."